बोटांनी सांगितलेला आकडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण प्राणिशास्त्राची पदवी (आमच्या घरातली पहिली), काम बंदराजवळच्या केंद्रात लोकांना पाण्याखाली उतरायला शिकवणे, राहणार फोटो स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत, आई, बाबा आणि धाकटी बहीण यांच्यासह, असे लिहून ठेवते की, हा कागद मी माझ्या मर्जीने करत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट ज्यांना कळलं त्यांनी, ‘या वयात कसलं मृत्युपत्र,’ असंच म्हटलं.

डोकं ठिकाणावर असल्याचं अशा कागदात आधी सांगावं लागतं. माझं आहे. गेल्या रविवारी मला जबर धक्का बसला आणि तो अजून ओसरलेला नाही, हे मी लपवत नाही. परवा मी गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभी होते, आणि ते उतू गेल्याचं धाकटीने येऊन मला सांगितलं. पण धक्का बसणं वेगळं आणि बुद्धी फिरणं वेगळं. रविवारी माझ्या टाकीत किती हवा होती आणि ती किती मिनिटं पुरायला हवी होती, हा हिशेब मी आज सकाळी तीनदा मांडला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. हा कागद आत्ताच का, ते आधी लिहिते. येत्या रविवारी बाबा पुन्हा पाण्यात उतरणार आहेत. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “तू नको येऊस. मी जातो.” ते एकटे खाली गेले तर वर येतील याची मला खात्री नाही, म्हणून मी बरोबर जाणार. आणि त्यांच्याबरोबर गेले तर मी वर येईन याची खात्री आता मला नाही. बाबांनी फक्त तीन शब्द बोलायचे आहेत: मला दिसत नाही. ते बोलले तर यातून पुढचा रस्ता निघतो. गेले पाच दिवस ते बोललेले नाहीत.

कलम २. बाबा म्हणजे स्टुडिओवाले. वय अठ्ठावन्न, शाळा चौथीपर्यंत. आठवडाभर ते ओळखपत्रांचे फोटो काढतात. ‘हनुवटी खाली, डोळे उघडे’ हे त्यांचं अख्ख्या गावाला सांगून झालं आहे. तरुणपणी ते जहाजांच्या तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायला पाण्यात उतरत. खाली जे दिसायचं ते आईला सांगून पटेना, म्हणून त्यांनी पहिला कॅमेरा पाणबंद पेटीत घालून खाली नेला. आज त्यांचे फोटो शाळेच्या पुस्तकांत आहेत. त्या फोटोंखाली त्यांचं नाव नसतं, याचं मला वाईट वाटतं, त्यांना वाटत नाही.

मी चौदा वर्षांची असताना त्यांनी मला पाण्यात उतरवलं. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्यांनी एक नवा नियम काढला. ते म्हणाले, “पाण्याखाली माणूस स्वतःशी खोटं बोलतो. अजून हवा आहे, अजून एक फोटो होईल, असं स्वतःला सांगतो. म्हणून आपला काटा आपण वाचायचा नाही. जोडीदाराने वाचायचा आणि बोटांनी आकडा सांगायचा.” टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा तो काटा, घड्याळाएवढी तबकडी; भरलेल्या टाकीला तो दोनशेवर असतो. त्या दिवसापासून मी माझी तबकडी डाव्या काखेखाली, मागच्या पट्ट्याला अडकवू लागले. तिथे माझी नजर पोचत नाही, जोडीदाराची पोचते.

मला तो नियम फार थोर वाटला. माणसाने आपला जीव दुसऱ्याच्या नजरेवर सोपवावा, यात मला एक मोठी गोष्ट दिसली. मी तो लिहून काढला, बाबांच्या आणखी आठ सवयी त्याला जोडल्या आणि ‘पाण्याखालचे नऊ नियम’ अशी पुस्तिका केली. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला ती मी देते. दोघांनीही एकमेकांचा काटा वाचायचा, हा त्यातला चौथा नियम, ठळक अक्षरांत आहे.

कलम ३. रविवारी घडलं ते असं. बंदराच्या बांधाखाली, चौदा मीटरवर, दगडांत एक गंजलेला पाइप पडला आहे. त्यात बोटभर लांबीचा एक नर मासा महिनाभर अंड्यांना पहारा देतो आहे. अंडी तांदळाच्या कणीएवढी. पिल्लं बाहेर पडायच्या आधी त्या अंड्यांत डोळे दिसू लागतात, प्रत्येकात दोन रुपेरी ठिपके. बाबांना त्यांचा फोटो हवा होता. दर रविवारी वर आलो की ते विचारत, “डोळे आले का ग?” मी सांगायची, नाही आले. मला वाटायचं, पोरगी नीट निरीक्षण करते की नाही, हे ते तपासतात.

गेल्या रविवारी डोळे आले होते. मी दिवा धरला होता, बाबा फोटो काढत होते. चाळिसाव्या मिनिटाला मी त्यांचा काटा वाचला, सत्तर, आणि बोटांनी सांगितला. त्यांनी माझ्या काखेखालची तबकडी हातात घेतली, पाहिली, आणि एक बोट, पुन्हा एक बोट, मग शून्याची मूठ दाखवली. एकशे दहा. म्हणजे भरपूर. मी निश्चिंत दिवा धरून राहिले. आठ-दहा मिनिटांनी श्वास ओढताना जड लागला. पुढचा आणखी जड. त्यापुढचा आलाच नाही.

मी बाबांच्या दंडावर थाप मारली आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. ती खूण म्हणजे हवा संपली. त्यांनी मागचापुढचा विचार न करता आपल्या टाकीची दुसरी, पिवळी नळी माझ्या तोंडात दिली. हे त्यांचं मी कुठल्याही कोर्टात सांगेन: त्यांनी एक क्षण घालवला नाही. माझा पट्टा धरून ते मला हळूहळू वर घेऊन आले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावं लागतं, तसे आम्ही समोरासमोर थांबलो. तिथे मी काखेखालची तबकडी ओढून पुढे घेतली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी माझा काटा पाहिला. तो शून्यावर होता.

मी ती तबकडी बाबांच्या मास्कसमोर धरली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, नीट पाहिली. मग एक बोट वर केलं, आणि दोनदा मूठ दाखवली.

शंभर.

ती मूठ अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हे लिहितानाही मी दोनदा थांबले.

कलम ४. बोटीवर झालेलं बोलणं आठवतं तसं लिहिते. बोटवाले काका तिथे होते. ते बाबांबरोबर पंचवीस वर्षं आहेत आणि या कागदाचे एक साक्षीदार आहेत. चुकलं असेल तर त्यांनी सांगावं.

मी म्हटलं, “बाबा, काटा शून्यावर होता.”

“नळी अडकली असेल तुझी. मी तेच सांगत होतो, हवा आहे, घाबरू नकोस.”

“हवा नव्हती. तुम्ही शंभर सांगितलंत.”

“मास्कवर वाफ धरली होती.”

“नव्हती धरली. मला तुमचे डोळे दिसत होते.”

बाबा पायातले पोहायचे रबरी पंखे काढू लागले. काका दोर गुंडाळत होते. ते दोराकडे बघतच म्हणाले, “तुला माहीत नव्हतं?”

“काय माहीत नव्हतं?”

“जाऊ दे,” बाबा म्हणाले.

“अहो, जाऊ दे काय. मला वाटलं तिला माहीत आहे. तीच तर वाचते तुमचं सगळं.” मग काका माझ्याकडे वळले. “हातभर अंतराच्या आतलं त्यांना काही दिसत नाही ग. लांबचं घारीसारखं दिसतं. जवळचं नाही. किती वर्षं झाली.”

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “काका बडबडतात. ऊन लागलंय त्यांना.” आणि धक्क्याला लागेपर्यंत कॅमेऱ्याची पेटी पुसत राहिले.

घरी आल्यावर आईला विचारलं. तिलाही माहीत होतं. धाकटीलाही माहीत होतं. आई म्हणाली, “तुला सांगितलं असतं तर तू त्यांना पाण्यात जाऊ दिलं असतंस?”

“नसतं दिलं.”

“मग? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आम्ही गप्प बसलो. सहा दिवस ते स्टुडिओत लोकांच्या हनुवट्या बघतात. एक दिवस त्यांचा असतो.”

घरात पदवी मला एकटीला, आणि डोळे झाकून चालत होते तीही एकटी मीच.

कलम ५. कोणी बाबांवर सगळा दोष टाकील म्हणून माझी चूक इथे नोंदवून ठेवते. भरलेल्या टाकीच्या तोंडावर टोपी असते, वापरलेलीवर नसते. सगळी बंदरं या खुणेवर चालतात. शनिवारी शिकवणी संपल्यावर वारा होता, वाळू उडत होती. टाकीच्या तोंडात वाळू जाऊ नये म्हणून मी एका अर्धवट वापरलेल्या टाकीवर टोपी बसवली. चांगल्या हेतूने बसवली. रविवारी तीच टाकी भरलेल्यांच्या रांगेतून माझ्या पाठीवर आली. ती एकशे वीसवर होती. बोटीवर निघताना बाबांनी माझा काटा बघून “दोनशे” सांगितलं, कारण टोपी होती म्हणजे दोनशेच असणार.

मग मी हिशेब केला. बाबा सहा वर्षं माझे आकडे वाचत नव्हते. ते काढत होते. मी त्यांना त्यांचा आकडा सांगायची. त्यावरून आपली किती हवा गेली ते त्यांना कळायचं. माझा श्वास लहान, म्हणून त्याच्या दोन तृतीयांश माझी गेली असणार. तेवढी दोनशेतून वजा. चौथी शिकलेला माणूस पाण्याखाली, हातात कॅमेरा धरून, हे गणित मनात करायचा आणि ते कधी चुकलं नाही. रविवारीही गणित बरोबर होतं. सुरुवातीचा आकडा तेवढा चूक होता.

हे कळल्यावर मला आधी त्यांचं कौतुक वाटलं. मग मी सहा वर्षांतले रविवार मोजायला बसले.

कलम ६. आता मालमत्ता. बँकेत जे काही असेल ते आईचं. तिने त्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यावं. काय ते मी सांगत नाही, कारण सांगितलं तर ती ते सोडून दुसरंच घेईल. माझी पुस्तकं धाकटीला. ती वाचणार नाही, पण माझ्या कपाटावर तिचा डोळा आहे आणि पुस्तकं काढल्याशिवाय कपाट मिळायचं नाही. माझा पाण्यात घालायचा पोशाख केंद्राला द्यावा. माझा मास्क मात्र कोणाला देऊ नये. तो माझ्या तोंडाला बसतो, दुसऱ्याच्या तोंडावर तो गळेल.

माझे डोळे दान करावेत. अर्ज भरून पाकिटात ठेवला आहे. त्यांचा बाबांना उपयोग नाही, हे मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, “अहो, वडिलांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. वय झालंय. त्यांना चष्मा हवाय, तुमचे डोळे नकोत.” मी अशा तयारीने गेले होते की मला थोडं ओशाळल्यासारखं झालं.

कलम ७. आमच्या घरात कॅमेऱ्याच्या पेटीवर ठिपके आहेत. एका बटणाला लाल, एका चाकाला गुलाबी, पेटीच्या दाराच्या खिळीला दोन फुगीर थेंब, नखाला लागतील असे. हे सगळे धाकटीच्या नखं रंगवायच्या बाटलीतले. ‘पाण्याखाली हाताला कळलं पाहिजे, डोळ्यांवर विसंबू नये,’ असं बाबा म्हणायचे आणि मी तो पाचवा नियम केला. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बाबा तारेची एक चौकट लावतात. चौकटीत मासा आला की अंतर बरोबर, म्हणजे फोटो स्पष्ट. बघायची गरज नाही. ‘जुनं ते सोनं, यंत्राच्या पडद्यात डोकं घालून बसू नये.’ तो सहावा नियम. पेटी बंद करण्याआधी तिच्या रबरी कड्यावरून माझं बोट फिरवून घ्यायचे. केस किंवा वाळूचा कण राहिला तर पाणी आत शिरतं आणि कॅमेरा गेला. ‘तरुण हाताला जास्त कळतं.’ तो सातवा.

पाच दिवस मी पुस्तिका घेऊन बसले आहे. नऊपैकी सहा नियम हे नियम नव्हतेच. जवळचं दिसत नसलेल्या माणसाने काढलेल्या सहा वाटा होत्या त्या. मी त्यांना तत्त्वज्ञान समजून बसले आणि परक्या माणसांना वाटत सुटले.

याच कड्यावरून एक जुनी गोष्ट आहे, ती मनात ठेवून मरायची नाही म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी पेटीत पाणी गेलं. कड्यावर केस सापडला. त्या दिवशी कडं बाबांनी स्वतः पुसलं होतं, तरी ते म्हणाले, “तुझाच असणार. वेण्या घेऊन पेटीवर ओणवी होतेस.” मी दुसऱ्या दिवशी केस कापून आले. आई दोन दिवस बोलली नाही. तो केस आखूड होता आणि पांढरा होता. मी तेव्हाही तो पाहिला होता. बाबांनी पाहिला नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, त्यांना माझ्यावरच ढकलायचंय.

बाबा, तो केस तुमचा होता. माझे आता पाठीपर्यंत आलेत. विषय संपला.

कलम ८. पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती केंद्राने वाटू नयेत. ज्यांना दिल्या त्यांची यादी माझ्या टेबलाच्या खणात आहे. प्रत्येकाला कळवावं की चौथा नियम चूक आहे, तो लिहिणारीची चूक आहे, आणि तो असा वाचावा: ‘आपला काटा आपण वाचावा. जोडीदाराचाही वाचावा. दोघांपैकी एकाला वाचता येत नसेल तर ते काठावर असतानाच सांगावं.’ पत्र तयार आहे. मी मेले तरी ते जावं, जगले तर मी स्वतः टाकीन.

पाचवा, सहावा आणि सातवा नियम मात्र राहू द्यावेत. मी काल संध्याकाळी डोळ्यांवर पट्टी बांधून पेटी हाताळून पाहिली. लाल ठिपका, गुलाबी ठिपका, फुगीर थेंब. एकही बटण चुकलं नाही. ते नियम कशातूनही निघालेले असोत, कामाचे आहेत. ठिपक्यांच्या श्रेयात धाकटीचाही वाटा धरावा, असं तिचं म्हणणं आहे. धरते.

कलम ९. बोटवाल्या काकांविरुद्ध माझी तक्रार आहे. ते माझ्या डोळ्यांदेखत तेरा वर्षं दोर गुंडाळत आहेत आणि दर रविवारी मला पाण्यात सोडताना त्यांना हे ठाऊक होतं. मी त्यांना काल हे तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, “पोरी, मला वाटलं तू शिकलेली, तुला दिसत असेल.” माझी सायकल मी त्यांच्या मुलीला देत आहे, ती रागापोटी दिलेली नाही.

समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही, बाबांची आहे. दोन वर्षांपूर्वी त्या रस्ता ओलांडून स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, “स्टुडिओवाले, पावती इतकी लांब धरून वाचता, आता हात आणखी कुठून आणणार? एकदा तपासून घ्या.” बाबा म्हणाले, “बाई, मी फोटोवाला. मला डोळे शिकवू नका.” तेव्हापासून बाबा समोरच्या फुटपाथने जात नाहीत. सोमवारी मी त्यांच्या दुकानात जाऊन रडले. त्यांनी खुर्ची दिली, रडू दिलं, मग खणातून एक छोटी डबी काढली. मास्कच्या काचेला आतून, खालच्या कडेला चिकटवायची दोन भिंगं, अर्ध्या चंद्रासारखी. पाण्याचा थेंब लावून बसतात. वर बघितलं की लांबचं, खाली बघितलं की काटा.

“नंबर मापल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी इथपर्यंत यायला हवं. दुकानापासून स्टुडिओ बावीस पावलं आहे. मी मोजलंय, मी एकदा आले होते.”

मी विचारलं, “इतकं सोपं होतं?”

“भिंग सोपं असतं हो.”

ही डबी मी बाबांना देते. ती माझ्या मृत्यूनंतर द्यायची नाही. ती आज टेबलावर, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवलेली आहे.

कलम १०. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून हातांच्या खुणा असतात. कान दुखतो, याला खूण आहे. थंडी वाजते, पायात गोळा आला, वर चल, मी हरवलो, सगळ्याला आहे. मी केंद्रातली सगळी पुस्तकं चाळली. ‘मला दिसत नाही,’ याला खूण नाही. कोणाला वाटलंच नसावं की पाणबुड्याला ती लागेल, किंवा लागली तरी तो ती करील.

म्हणून मी एक ठरवली: उघडा तळवा दोन्ही डोळ्यांवर आडवा धरायचा. काल जेवणानंतर ती मी बाबांना करून दाखवली. म्हटलं, “एवढंच करायचं. तोंडाने काही बोलायचं नाही. तुम्ही हे केलंत की मी माझा काटा बघीन, तुमचाही बघीन, पाइपातली अंडीही तुम्हाला सांगीन. फोटो तुम्हीच काढाल. मी तुम्हाला काठावर बसवायला निघालेली नाही.”

त्यांनी माझा हात खाली येईपर्यंत पाहिलं. मग ताट उचलून मोरीत ठेवायला गेले. तिथून म्हणाले, “रविवारी पाणी स्वच्छ असणार आहे. फोटो अर्धाच राहिलाय. पिल्लं बाहेर पडायच्या आत गेलं पाहिजे.”

रविवारी माझी तबकडी माझ्या छातीवर असेल. तरीही चौदा मीटरवर समोरचा माणूस खरं सांगतो की नाही, हे ठाऊक नसताना खाली राहणं म्हणजे काय, ते मला आता कळलं आहे. माझं काही झालं तर बाबांवर खटला करू नये. त्यांना कोणी ‘तरी सांगत होते’ असं म्हणू नये. आणि त्यांना पुन्हा कधी एकटं पाण्यात सोडू नये. ही जबाबदारी काकांवर, आईवर आणि धाकटीवर सारखी, कारण तिघांनाही माहीत होतं.

कलम ११. सही करण्याआधी हा कागद बाबांनी स्वतः वाचावा, अशी माझी अट आहे. तो मी हाताने, नेहमीच्या अक्षरात लिहिला आहे. मुद्दाम मोठं काढलेलं नाही, मुद्दाम बारीकही नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चारच्या सुमारास.

साक्षीदार म्हणून काका आणि चष्म्याच्या बाई आल्या. बाई स्टुडिओत शिरल्या तेव्हा बाबा उठून उभे राहिले. आईने चहा केला. मी कागद बाबांच्या हातात दिला. ते तो घेऊन दाराशी, उजेडात गेले. लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. पानं एकेक उलटली. दहा मिनिटांनी ते आत आले आणि कागद टेबलावर ठेवला.

“छान लिहिलंयस,” ते म्हणाले.

“मान्य आहे?”

“मान्य.”

“सातवं कलम मान्य आहे?”

“सगळीच मान्य आहेत.”

“सातव्यात काय आहे, बाबा?”

मला ते विचारायचं नव्हतं. चार माणसांदेखत तर नाहीच. तोंडातून गेलं. काकांनी कप उचलला आणि न पिता धरून ठेवला. धाकटी म्हणाली, “ताई, नको ना.” आईने तिला कोपराने गप्प केलं.

बाबा टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जाणार. मला हेही वाटलं की आता एखादा आकडा सांगणार. त्यांचा उजवा हात टेबलावरून निघाला, वर गेला, आणि उघडा तळवा त्यांनी दोन्ही डोळ्यांवर आडवा धरला.

तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

मी कागद घेतला आणि ‘मी, खाली सही करणारी’ पासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या कलमाला आईने पाणी दिलं. पाचव्याला बाबा म्हणाले, “दोन तृतीयांश नाही. पाण्याला ओढ असेल तर पाऊण धरायचो.” सातव्याला केसाचं आलं तेव्हा ते म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. दहाव्याला त्यांनी विचारलं, “अंड्यांतले ते डोळे, नुसते रुपेरी?” मी म्हटलं, रुपेरी, मध्ये काळा ठिपका. ते म्हणाले, “तेही लिही.” लिहिलं आहे.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, “दुकान सातपर्यंत उघडं असतं.” बाबा म्हणाले, “बावीस पावलं ना? येतो.”

मग त्यांनी विचारलं, “मी सही कुठे करायची?”

मी जागेवर बोट ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाला लागून सही केली.

वरील मजकूर माझा आहे, पुरवणीसह. काटछाट कुठेही नाही. पहिल्या पानावरचा डाग चहाचा आहे.

लिहून ठेवणार: थोरली मुलगी (सही)

मजकूर वाचता आला नाही. मुलीने वाचून दाखवला, पूर्ण ऐकला: वडील, स्टुडिओवाले (सही)

साक्षीदार १: बोटवाले (सही). बोटीवरचं बोलणं बरोबर लिहिलं आहे. ऊन लागलं नव्हतं.

साक्षीदार २: चष्म्याच्या दुकानातल्या बाई (सही)

स्थळ: स्टुडिओच्या मागची खोली
दिनांक: चौदा, शुक्रवार